ईमेलवर चालणारं चॅट सोसायटीसाठी घ्यावं का?

कोथरूडकर
आमच्या सोसायटीत टँकर, लिफ्ट, मेंटेनन्स, सगळं एकाच मेसेजिंग ॲपच्या ग्रुपवर चालतं. गेल्या महिन्यात कंपनीने खजिनदारकाकांचं खातं अचानक बंद केलं. कारण सांगितलं नाही, दाद मागायलाही कोणी नाही. ग्रुपवरचे निर्णय त्यांना जिन्यात भेटेल त्याच्याकडून कळतात. म्हणून म्हणतो, डेल्टा चॅट घेऊ. दिसायला नेहमीसारखंच, पण आतून प्रत्येक मेसेज म्हणजे ईमेल. एसएमटीपी या ईमेल पाठवायच्या पद्धतीने जातो, आयमॅप या ईमेल आणायच्या पद्धतीने येतो. एसएमटीपी १९८२ चं आहे आणि कुणा एकाच्या मालकीचं नाही. जीमेलवरून याहूला पत्र जातं, मग चॅटच का कोंडलेलं?

हिंजवडी फेज २
मेल सर्व्हर सांभाळणं हेच माझं काम. नका घेऊ. बरेच सर्व्हर अनोळखी सर्व्हरचं पत्र पहिल्यांदा परत लावतात, थोड्या वेळाने पाठव म्हणून. ग्रेलिस्टिंग म्हणतात त्याला. पत्राला दहा मिनिटं उशीर चालतो. कोणी लिफ्टमध्ये अडकलंय हे दहा मिनिटांनी कळून काय उपयोग? शिवाय मजकूर कुलूपबंद, म्हणजे इतरांना वाचता न येणारा, असला तरी कोणी, कोणाला, किती वाजता लिहिलं हे सर्व्हरला दिसतं.

सहकारनगर
लिफ्टसाठी फोन करायचा असतो हो! मी ६८ वर्षांची आहे. माझी भाची, दूधवाला, वॉचमन सगळे एकाच ॲपवर आहेत. दुसरं कोणासाठी उघडू?

कोथरूडकर
काकू, जुनं काढू नका, हे शेजारी ठेवा. उशिराचं म्हणाल, तर फक्त चॅटसाठी बांधलेले चॅटमेल सर्व्हर आहेत. तिथे खात्याला फोन नंबरही लागत नाही. आणि नवा मेसेज आला की लगेच कळवायची सोय आयमॅपमध्ये १९९७ पासून आहे. ४ ऑक्टोबर २०२१ ला एकाच कंपनीचं जाळं कोसळलं, तर व्हॉट्सॲप, फेसबुक, इन्स्टाग्राम जगभर सुमारे सहा तास बंद होतं. ईमेल सगळीकडे एकदम कधी बंद पडलाय?

हिंजवडी फेज २
नाही पडला, मान्य. पण खुलेपणावर फार विसंबू नका. गूगल टॉक या गूगलच्या चॅटने २००६ मध्ये बाहेरच्या सर्व्हरना दार उघडलं आणि २०१३ मध्ये त्याच्या जागी हँगाउट्स आणताना लावून घेतलं. तुमची खरी अडचण वेगळीच आहे. कुलपाची किल्ली फोनमध्ये असते. फोन हरवला, बॅकअप नसला, तर सर्व्हरवरचे जुने मेसेज असूनही वाचता येणार नाहीत. चॅटमेल सर्व्हर तर ते काही दिवसांनी पुसूनच टाकतात.

कोथरूडकर
हे माहीत नव्हतं. मग हिशेब चॅटवर नकोच. पण निरोप तरी? उद्या कंपनीने तुमचं खातं बंद केलं तर?

हिंजवडी फेज २
निरोपांना हरकत नाही, समितीपुरतं आधी करून बघा. पहिल्याच दिवशी प्रत्येकाकडून बॅकअप करून घ्या. आणि पावत्या काकांना आजच साध्या ईमेलने पाठवा, त्याला कुठलंच नवं ॲप लागत नाही.