मियाटाला घरीच टर्बो: इंजिन टिकेल का?

एडिसनकर: मंडळी, न्यू जर्सीतल्या माझ्या गॅरेजात १९९४ ची माझदा मियाटा आहे. १.८ लिटर, कंपनीतून १२८ हॉर्सपॉवर. वळणावर मजा येते, चढावर धाप लागते. टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) स्वतःच बसवायचा म्हणतोय. बायको म्हणते, आधी बेसमेंटचा पंप बघ.

पाना_बारा: मी बसवलाय. तीन वीकेंड म्हणता म्हणता चार महिने गेले. कॉम्प्रेशन (सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं ते) ९:१ आहे, ६-७ पीएसआय बूस्ट, म्हणजे टर्बोचा जादा दाब, सोसतं. खरी गोम पेट्रोलची. हवा वाढते, पण मूळ इंजेक्टर (पेट्रोल फवारणारे) आणि ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर) त्या मानाने पेट्रोल देत नाहीत. मिश्रण पातळ झालं की नॉकिंग (सिलिंडरमध्ये अवेळी स्फोट), मग पिस्टनचा निकाल. वाइडबँड (हवा-पेट्रोलचं प्रमाण दाखवणारा सेन्सर), मोठे इंजेक्टर आणि ट्यून होणारा ईसीयू आधी घे, टर्बो शेवटी.

आणि ऑइलची परतीची नळी! टर्बोतून ऑइल फेसाळून निव्वळ उताराने खाली येतं. मी नळीला एक वाकडं वळण दिलं होतं. ऑइल तुंबलं, सील ओलांडून एक्झॉस्टमध्ये गेलं आणि गल्लीभर निळा धूर. शेजारचे आजोबा पाण्याचा पाइप घेऊन धावत आले.

जुनी_गाडी: त्याआधी कॉम्प्रेशन टेस्ट कर, म्हणजे प्रत्येक सिलिंडरचा दाब मोज. एखादा सिलिंडर मागे पडत असेल तर टर्बो विसर.

एडिसनकर: त्या नळीसाठी ऑइल पॅनला (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्याला) भोक पाडायचं, तर सबफ्रेम (इंजिनखालची चौकट) उतरवावी लागेल ना?

पाना_बारा: हो, नाहीतर इंजिन उचल. काहीजण ड्रिलला ग्रीस फासून जागेवरच पाडतात, चुरा ग्रीसला चिकटतो म्हणे. माझा काही धीर झाला नाही.