अडतं ते माहितीपाशी नाही, अर्जापाशी

‘शिष्यवृत्तीची माहिती हातात दिली तरी गरीब घरांतली मुलं अर्ज करत नाहीत, म्हणजे त्यांना पुढे जायचंच नाही’ असं काही जण म्हणतात. हा मुद्दा मला अर्धाच पटतो. नुसत्या माहितीने भागत नाही, हे खरं. पण त्यावरून इच्छाच नाही असं ठरवणं अन्यायाचं आहे. अमेरिकेत याची रीतसर चाचणी झाली आहे, निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. कर विवरणपत्र भरायला आलेल्या कमी उत्पन्नाच्या कुटुंबांपैकी काहींना शिक्षणासाठी किती मदत मिळू शकेल तो आकडा सांगितला आणि ‘अर्ज तुम्ही भरा’ म्हणून सोडलं. आणखी काहींना आकडा तर सांगितलाच, शिवाय शंभरावर प्रश्नांचा सरकारी अर्ज तिथेच बसून भरून दिला. बरीचशी उत्तरं विवरणपत्रातूनच उचलली गेली, उरलेल्या उत्तरांना दहाएक मिनिटं लागली. या घरांतल्या मुलांचं कॉलेजप्रवेशाचं प्रमाण ४२ टक्के झालं; अशी कुठलीच मदत न मिळालेल्या घरांत ते ३४ टक्के होतं. नुसता आकडा ऐकलेल्यांत म्हणावा असा फरक पडलाच नाही!

म्हणून कुणाला मदत करायची तर पत्रक देऊन थांबू नका. शेजारी बसून अर्ज उघडा. गाडी बहुतेक वेळा एखाद्याच रकान्यात रुतते: दाखल्यावरचं नाव जुळत नाही, उत्पन्न मासिक लिहायचं की वार्षिक ते कळत नाही. तिथे माणूस ‘उद्या बघू’ म्हणतो, आणि मुदत निघून जाते.