जरा गाडी दे ना, पाच मिनिटांत येतो

परवा शेजारच्यांनी स्कूटर नेली. सकाळी ऑफिसला निघाले तर दोन्ही आरसे आभाळाकडे, डिकीत शेंगदाण्यांचं अर्धवट पुडकं आणि पेट्रोलचा काटा लाल रेघेखाली. पाच मिनिटांचे तीन तास झाले होते ते वेगळंच. तुम्ही देता का कुणाला? दिलीत तर परत काय आलं? लिहा.

*

बाबांची चेतक स्कूटर. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहून मिळालेली, त्यामुळे घरात तिचा मान माझ्यापेक्षा वरचा. एकदा मामांनी नेली. मामा सज्जन, दुसऱ्याची गाडी टाकी भरूनच परत द्यायची ही त्यांची रीत. पण स्वतः चालवायचे बुलेट. तिला नुसतं पेट्रोल चालतं. चेतकच्या टू-स्ट्रोक इंजिनाला पेट्रोलमध्येच ऑइल घालावं लागायचं, लिटरला साधारण २० मिली, हे त्यांच्या गावीही नव्हतं. भरली टाकी आणि निघाले साताऱ्याला. कात्रजच्या घाटात पिस्टन जाम. टेम्पोतून घरी आली. बाबा मामांना एका शब्दानं बोलले नाहीत. आईला मात्र वर्षभर ऐकवलं.

*

चेतकवरून आठवलं. पेट्रोल कॉक रिझर्व्हवर फिरवला की टाकीतलं राखीव पेट्रोल मिळतं, हे मित्राला माहीत नव्हतं. स्वारगेटपासून धनकवडीपर्यंत ढकलत आणली, भर मे महिन्यात. मी खाली वाकून कॉक फिरवला, किक मारली, सुरू. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

*

आमच्या दाजींना डॉक्टरांनी तेलकट बंद केलंय. 'लायब्ररीत जाऊन येतो' म्हणून माझी स्कूटर घेऊन गेले. चार दिवसांनी माझ्या मोबाइलवर ई-चलन. गाडी माझ्या नावावर, म्हणजे मेसेज मलाच येणार. फोटो उघडला तर विनाहेल्मेट दाजी, मागे मिसळीच्या हॉटेलची पाटी. दंड त्यांनी निमूट भरला, वर मलाच मिसळ खाऊ घातली. ताईला अजून पत्ता नाही.

*

हसण्यावारी नेऊ नका हो. मी विम्याच्या कामात होते म्हणून सांगते. मालक-चालकाचं १५ लाखांचं अपघात संरक्षण असतं ना, ते मालक स्वतः चालवत असेल तेव्हाचं. मागून नेणाऱ्याला ते लागू नाही. आणि अल्पवयीन मुलानं नुसती गाडी चालवली तरी मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं आलेलं कलम १९९अ आहे : पालक किंवा मालकाला २५,००० रुपये दंड, ३ वर्षांपर्यंत कैद, गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. माझ्या भाच्याला पंधराव्या वर्षी 'कोपऱ्यावरून दूध आणतो' म्हणून किल्ली हवी होती. नाही दिली. वहिनी गणपतीला आमच्याकडे आल्या नाहीत. चालेल.

*

म्हापशाहून. आमच्याकडे भाड्याच्या दुचाकीची पाटी काळी, अक्षरं पिवळी. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी भाड्यानं देता येत नाही, तरी सीझनला देणारे देतातच. त्यामुळे मुंबईचा आतेभाऊ माझी स्कूटर घेऊन कळंगुटला गेला आणि पोलिसांनी अडवलाच. 'भाड्याची नाही, मामेभावाची आहे.' असं सगळेच सांगत असणार! शेवटी मला फोन, मग माझ्या आईला. आईनं त्यांना आजोबांपासूनचं नातं सांगायला घेतल्यावर सोडलं.

*

द्यायची तर द्या, एवढं मात्र बजावा : इंजिन चालू ठेवून गाडी ढकलायची नाही. बिनगिअरची स्कूटर पार्किंगमधून काढताना माझ्या बहिणीनं उजवी मूठ घट्ट धरली. मूठ म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर. ती गाडीला धरून पळतेय की गाडी तिला ओढून नेतेय, कळेना. समोरच्या सहा गाड्या ओळीनं आडव्या. वॉचमन काका म्हणाले, 'ताई, ब्रेक पण असतो.'

*

धागा मीच काढला म्हणून कळवते. शेजारचे आत्ता येऊन गेले. डिकीत पुडकं राहिलंय म्हणाले. पुडकं दिलं. मग म्हणाले, जरा कोपऱ्यापर्यंत जायचं होतं. आरसे जुळवून ठेवा म्हटलं आणि दिली किल्ली. दीड तास होत आलाय.