आई-बाबांना जपानमधला सकुरा (चेरीचा बहर) दाखवायचाय, एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कुठे नेऊ?

बकुळी: ८ ते १५ एप्रिल ओसाका-क्योतो ठरलंय. आईचे गुडघे दुखतात, फार चढ जमणार नाही. तोवर बहर संपतो म्हणतात, खरं का? आणि बाबांना नुसते फोटो नकोत. जपानी माणसाला या फुलांचं एवढं काय, हे त्यांना समजून घ्यायचंय.

निशिकासाईकर: शहरांतला बहुतेक सकुरा सोमेई योशिनो जातीचा. सगळी कलमं, त्यामुळे एका भागातली झाडं एकदम फुलतात आणि एकदम झडतात. क्योतोत तो बहुधा ओसरलेला असेल. पण निन्नाजी मंदिरातला ओमुरो सकुरा उशिरा फुलतो. झाडं बुटकी, फांद्या अगदी बुंध्यापासून फुटलेल्या, फुलं थेट डोळ्यांसमोर. काकूंना तिथेच न्या.

देवराई: निन्नाजीला अनुमोदन. पण काकांच्या प्रश्नाचं उत्तर नारा भागातल्या योशिनो डोंगरावर आहे. ओसाकाच्या आबेनोबाशी स्टेशनवरून किन्तेत्सु या खासगी रेल्वेची लिमिटेड एक्सप्रेस घ्या, साधारण सव्वा तास. एन नो ग्योजा या तपस्व्याने झाओ गोंगेन देवाची मूर्ती सकुराच्या लाकडात कोरली अशी श्रद्धा आहे, म्हणून भाविक शतकानुशतकं देवाला सकुराची रोपंच वाहत आले. आपल्या देवराईसारखंच, झाड तोडायचं नाही. हा रानटी यामाझाकुरा: पांढुरकी फुलं आणि त्यांच्यासोबतच फुटणारी तांबूस पालवी. बहर पायथ्यापासून वर चढत जातो, खाली झडला तरी वर सापडतो. हंगामात वर जायला बस असते, फक्त सकाळी लवकर पोचा.

काकांना साइग्योबद्दल जरूर सांगा. बाराव्या शतकातला हा कवी योद्ध्याची चाकरी सोडून भिक्षू झाला, योशिनोत राहिला. वसंतात, पौर्णिमेच्या सुमारास, फुलांखाली मरण यावं असं त्याने लिहिलं होतं. ११९० साली तो गेला तो त्याच दिवसांत.

बकुळी: वा! बाबा विचारतायत, युद्धाशीही याचा संबंध होता ना?

निशिकासाईकर: होता, आणि तो टाळू नये. दुसऱ्या महायुद्धात आत्मघातकी विमानांवर ही फुलं रंगवली गेली. झडणाऱ्या पाकळीसारखं मरा, असं कोवळ्या पोरांना शिकवलं. साइग्योने स्वतःसाठी मागितलेलं मरण आणि सरकारने दुसऱ्यांवर लादलेलं मरण, यांत फार अंतर आहे.

देवराई: अगदी. बकुळी, योशिनो ९-१० तारखेला उरका, निन्नाजी शेवटी ठेवा. निघण्याआधी बहराचा ताजा अंदाज बघा, थंडी लांबली तर सगळं पुढे सरकतं.