होलाशोवित्से: घरे नवी, माणसे नवी, मग जुने काय?

नकाशावेडा
चेक प्रजासत्ताकातील होलाशोवित्से या गावाविषयी वाचताना एका गोष्टीपाशी अडलो आहे. दक्षिण बोहेमियातील चेस्के बुद्येयोवित्से या शहराच्या पश्चिमेला साधारण १५ किलोमीटरवर असलेल्या या शेतकऱ्यांच्या खेड्याला युनेस्कोने १९९८ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत घेतले, आणि त्याची मध्ययुगीन रचना टिकून राहिली यावर त्यात भर आहे. परंतु छायाचित्रांत दिसणाऱ्या घरांच्या दर्शनी भिंतींवर एकोणिसाव्या शतकातली साले आहेत आणि गावातली वस्तीही मधल्या काळात दोनदा जवळजवळ पूर्ण बदलली. मग येथे जुने म्हणायचे ते नेमके कशाला?

अनघा
जुनी आहे ती जमिनीची आखणी. गावाच्या मध्यभागी सुमारे २१० मीटर लांब आणि ७० मीटर रुंद असे मोकळे मैदान आहे, ज्याला चेक भाषेत ‘नावेस’ म्हणतात. त्यावर तळे, लोहारसाळ आणि १७५५ मध्ये बांधलेले संत यान नेपोमुत्स्की यांचे छोटे प्रार्थनामंदिर आहे. या मैदानाभोवती शेतकऱ्यांची २३ आवारे खांद्याला खांदा लावून उभी आहेत. प्रत्येक आवाराची फक्त अरुंद बाजू मैदानाकडे येते: एकीकडे राहत्या घराची त्रिकोणी माथ्याची भिंत, दुसरीकडे बहुधा धान्याच्या कोठाराची तशीच भिंत, आणि दोहोंना जोडणाऱ्या भिंतीत कमानीचा दरवाजा. आत अंगण आणि गोठे, मागे मळणीची व गवत साठवण्याची इमारत, त्यामागे परसबाग आणि मग शेत. आपल्याकडे गावाची पांढरी आणि शेतीची काळी असा जो भेद करतात, तो इथे प्रत्येक आवारात एका सरळ रेषेत उलगडतो. घर पाडून पुन्हा बांधले तरी त्याच पट्टीत बांधावे लागते, कारण दोन्ही बाजूंना शेजाऱ्याची हद्द असते. त्यामुळे भिंती बदलल्या, पण आखणी हलली नाही.

ओसरी
अनघाताईंच्या उत्तराला इतिहासाची जोड देतो. गावाचा पहिला लेखी उल्लेख १२६३ मधला आहे. १२९२ मध्ये राजा वात्स्लाव दुसरा याने हे गाव विश्शी ब्रोद येथील सिस्टर्शियन या ख्रिस्ती संन्यासी पंथाच्या मठाला दिले, आणि आपल्या भाषेत सांगायचे तर ते १८४८ पर्यंत मठाचे इनाम राहिले. १५२० ते १५२५ या काळात प्लेगने गाव इतके ओस पडले की केवळ दोन रहिवासी वाचले. मठाला उत्पन्न हवे होते, म्हणून त्याने बव्हेरिया आणि ऑस्ट्रियातून कुळे आणून वसवली आणि गाव हळूहळू जर्मन भाषकांचे झाले. १८९५ मध्ये तेथे १५७ जर्मन आणि १९ चेक होते.

साले कोरलेल्या भिंतींचे कारण १८४८ मध्येच आहे. त्या वर्षी ‘रोबोता’, म्हणजे जमीनदारासाठी करावी लागणारी वेठ, रद्द झाली. (‘रोबोट’ हा शब्द पुढे याच शब्दावरून एका चेक नाटकातून जगभर गेला.) शेतकऱ्याचे श्रम आणि उत्पन्न त्याच्या स्वतःच्या हाती आले, आणि त्याने शहरात व मठांत पाहिलेली वळणदार नक्षी चुन्यात घडवून आपल्या दारावर आणली. याच शैलीला ‘शेतकऱ्यांचे बरोक’ म्हणतात. बरोक ही सतराव्या-अठराव्या शतकातली अलंकृत युरोपीय वास्तुशैली; तिचा काळ शहरात केव्हाच सरला होता, हे या शेतकऱ्यांच्या गावी नव्हते. मला तर त्या भिंतींची गंमत त्यातच वाटते.

नकाशावेडा
दोघांचेही आभार. मात्र विसाव्या शतकात युरोपातली कितीतरी गावे काँक्रीटच्या घरांनी भरून गेली, तसे येथे का झाले नाही?

ओसरी
याचे उत्तर फारसे सुखावह नाही. दुसऱ्या महायुद्धानंतर चेकोस्लोव्हाकियातून जर्मन भाषकांची सक्तीने हकालपट्टी झाली आणि होलाशोवित्सेमधली अनेक आवारे रिकामी पडली. पुढच्या साम्यवादी राजवटीत घरे पडझडीला लागली, पण ती पाडून त्या जागी नवे बांधायला पुरेशी माणसे आणि पैसाही तेथे आला नाही. समृद्ध गाव असते तर ते केव्हाच बदलले असते. १९९० नंतर दुरुस्ती सुरू झाली आणि अवघ्या आठ वर्षांत गाव यादीत गेले. ‘शतकानुशतके अखंड जपलेले गाव’ असे वर्णन मला म्हणूनच खटकते. जे दिसते आहे त्यात जपणुकीइतकाच ओसाडीचाही हात आहे.

अनघा
ओसरी यांच्याशी सहमत आहे, फक्त एक सावधगिरी सुचवते. गावाबाहेर उभ्या दगडांचे एक वर्तुळ आहे आणि छायाचित्रांत ते फारच प्राचीन वाटते. ते २००८ मधले आहे, तेव्हा ते तुमच्या मध्ययुगाच्या खात्यात धरू नका.