जुन्या झाडांच्या पुनर्रोपणाला माझा विरोध का आहे

घोडबंदरकर:
रस्त्याच्या कामात येणाऱ्या मोठ्या झाडांवर ठाण्यात पुन्हा तोच तोडगा पुढे येतोय: पुनर्रोपण. फूटभर जाडीच्या खोडासाठी मुळांभोवती साधारण दहा फूट रुंद मातीचा गोळा लागतो. त्याचं वजनच काही टन भरतं. पाणी शोषणारी बारीक मुळं वरच्या दीड-दोन फुटांत, फांद्यांच्या घेराबाहेरपर्यंत पसरलेली असतात. म्हणजे नियमाने काढलं तरी बहुतेक मुळं मागेच राहतात. आमच्या भागात तर जेसीबीने खणून, फांद्या छाटून नुसता बुंधा ट्रकवर चढवला. याला झाड वाचवणं म्हणू नका.

वडाची पारंबी:
मग काय दादा, कुऱ्हाड चालू द्यायची? वड, पिंपळ, उंबर नीट हलवले तर जगतात; वडाच्या तोडलेल्या जाड फांदीलाही मुळं फुटतात. काही महिने आधी चर खणून टप्प्याटप्प्याने मुळं छाटायची, म्हणजे गोळ्यातच नवी मुळं धरतात. मग गोणपाटात आवळून पावसाच्या तोंडावर क्रेनने उचलायचं. चूक घाईची आहे, पद्धतीची नाही.

घोडबंदरकर:
वडाचं मान्य, ताई. पण जुन्या आंब्याला तोच नियम कसा लावता? परवानगीच्या कागदावर सगळी झाडं एकाच रकान्यात असतात.

रोजचा प्रवासी:
कासारवडवलीहून रोज निघणाऱ्यांना विचारा, घोडबंदर रस्त्यावरून जाणारी मेट्रो ४ हवी की नको; झाडं त्या कामातही येतात. राज्याच्या १९७५च्या वृक्ष कायद्यात २०२१ साली बदल झाला. आता तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडं लावावी लागतात. मरू घातलेला बुंधा जगवण्यापेक्षा ती रोपं जगवा.

वडाची पारंबी:
मेट्रो हवीच. पण चाळीस वर्षांच्या झाडाची सावली उद्याची रोपं देणार आहेत का? आणि ती चाळीस रोपं घोडबंदरला लागतील की भलतीकडेच?

घोडबंदरकर:
प्रवासी, रोपांचं म्हणणं मला पटतं, पण ती याच रस्त्याला हवीत. ताई, तुमच्या पद्धतीत एक धोका राहतोच. हलवलेल्या झाडाला महिन्याभरात पालवी फुटते आणि सगळे टाळ्या वाजवतात. ती पालवी खोडात साठलेल्या अन्नावर येते. खाली मुळं धरली नसतील तर पुढच्या उन्हाळ्यात झाड वाळतं.

वडाची पारंबी:
म्हणून तर तीन वर्षं पाणी, खोडाला आधार देणाऱ्या ताणलेल्या दोऱ्या आणि दर पावसाळ्यानंतर मोजणी हवी. कंत्राटदाराचे निम्मे पैसे तोवर अडवून ठेवा.

घोडबंदरकर:
ही अट परवानगीतच लिहा आणि आंब्या-जांभळासाठी आधी रस्त्याची आखणी बदलून बघा, मग माझा विरोध वडापुरता मागे.