पहाटे शेतात दिसलेला अग्निगोल आणि दिव्यांची रांग: हे काय असावे?

प्रश्न

आमचे शेत बुलढाणा जिल्ह्यात, लोणारपासून वीसेक किलोमीटरवर आहे. शेतीपंपाची वीज सध्या रात्रपाळीत असल्याने १४ डिसेंबरच्या पहाटे मी हरभऱ्याला पाणी देत होतो. साडेपाचच्या सुमारास तुषारचे पाइप बदलत असताना एकाएकी जमीन उजळली आणि स्टार्टरच्या पेटीची सावली ओल्या मातीवरून सरकताना दिसली. वर पाहिले, तर एक हिरवट पांढरा गोळा पश्चिमेकडून सप्तर्षींच्या दिशेने गेला व दोन-तीन सेकंदांत फुटून विझला. त्याच्या वाटेवर धुरासारखी रेघ काही क्षण राहिली. आवाज मात्र झाला नाही. दहा मिनिटांनी डोक्यावर अठरा-वीस दिवे एकामागोमाग आग्नेयेकडे जाऊ लागले आणि त्यांतला प्रत्येक दिवा आकाशात एकाच जागी अचानक उगवत होता. वडील म्हणतात तारा तुटला, शेजारचे शेतकरी चकवा म्हणतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे का, आणि रानात दगड शोधावा का?

पहिले उत्तर

संबंध नाही, आपण दहा मिनिटांच्या अंतराने दोन वेगळ्या घटना पाहिल्या. १४ डिसेंबरच्या आसपास मिथुन राशीतील उल्कावर्षाव भरात असतो आणि त्या वेळी मिथुन रास पश्चिमेकडे असते, त्यामुळे आपण सांगितलेली दिशा त्याच्याशी जुळते. फेथॉन नावाच्या लघुग्रहाचे हे कण सेकंदाला सुमारे ३५ किलोमीटर वेगाने वातावरणात शिरतात. शुक्रापेक्षा तेजस्वी दिसणाऱ्या उल्केला अग्निगोल म्हणतात. या वर्षावातील कण बहुधा वरच जळून जातात, म्हणून दगडासाठी उभे पीक तुडवू नये.

दिव्यांची रांग बहुधा नुकत्याच सोडलेल्या स्टारलिंक या इंटरनेट पुरवणाऱ्या उपग्रहांची असावी. ते स्वतः प्रकाशत नाहीत, सूर्यप्रकाशाने चमकतात. पहाटे पृथ्वीची सावली पश्चिमेकडे असते आणि तिच्यातून बाहेर पडताच प्रत्येक उपग्रह जवळजवळ त्याच ठिकाणी दिसू लागतो. आपण टिपलेली एकाच जागी उगवण्याची खूण हीच आहे. इतके बारकाईने पाहणारे फार थोडे असतात.

दुसरे उत्तर

मी चंद्रपूर जिल्ह्यातला आहे. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास, आम्ही याहून निराळे दृश्य पाहिले. पेटते तुकडे एकमेकांची सोबत न सोडता, विमान जावे तसे सावकाश गेले आणि सगळी गल्ली बाहेर येऊन ते पाहू शकली. सिंदेवाही तालुक्यातील लाडबोरी येथे सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले. नंतर परिसरात धातूचे गोळेही सापडले. फेब्रुवारी २०२१ मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी अग्निबाणाचा तो टप्पा असल्याचे अभ्यासकांनी कक्षेवरून ताडले. कक्षेतून खाली येणाऱ्या वस्तूचा वेग सेकंदाला आठ किलोमीटरच्या आत असतो, म्हणून तिचे जळणे लांबते. असे काही शेतात सापडल्यास कृपया हात लावू नये; टाकीत विषारी इंधनाचा अंश असू शकतो. तहसील कार्यालयाला किंवा पोलिसांना कळवावे.

तिसरे उत्तर

आवाजाविषयी एक भर घालतो. ध्वनीला एका किलोमीटरसाठी सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे ८० किलोमीटरवर स्फोट झाला, तर गडगडाट चार मिनिटांनी पोहोचेल. तोवर आपण पुन्हा पाइप बदलू लागला होतात का? पंपाच्या आवाजात तो बुडालाही असेल. इंटरनॅशनल मिटिअर ऑर्गनायझेशन अशा नोंदी ऑनलाइन स्वीकारते, पण दिशा नेमकी द्यावी लागते.

प्रश्नकर्ता

सर्वांचा आभारी आहे. पंप चालूच होता, म्हणून आवाजाबद्दल ठामपणे सांगता येणार नाही. दिशा मात्र सांगता येईल, कारण सावली पेटीकडून पाइपाच्या तिसऱ्या जोडापर्यंत सरकली होती आणि तो पाइप अजून तिथेच आहे. आज उजेडी त्या दोन्ही टोकांना खुंट्या ठोकून, होकायंत्राने कोन मोजून नोंद पाठवतो.